भजनी ठेक्यावरची हडळ

मी आठ महिने हडळ होते. नोकरी म्हणून. पुण्यात तेव्हा नवे नवे मॉल उघडत होते. त्यातल्या एकाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भूतबंगला होता. काळ्या पडद्यांच्या पाच खोल्या, थोडा धूर, लाल दिवे आणि आम्ही चार भुतं. बी.कॉम. झाल्यावर मी तीन कॉल सेंटरांत मुलाखती देऊन आले होते. तिन्ही ठिकाणी माझं इंग्रजी त्यांना पुरेसं परदेशी वाटलं नाही. हडळीला इंग्रजी लागत नव्हतं. खरं तर तिला बोलावंच लागत नव्हतं.

घरी मी सांगितलं होतं की मॉलच्या ऑफिसात काम आहे. अगदीच खोटं नव्हतं ते, हजेरी ऑफिसातच लागायची.

भूतबंगला चालवणारे काका म्हणजे नाटकांच्या पडद्यामागे उभी हयात घालवलेले गृहस्थ. पहिल्या दिवशी मी चौथ्या खोलीतल्या कपाटातून जीव खाऊन किंचाळत बाहेर आले. समोर आय.टी. कंपनीतल्या मुलामुलींचा घोळका होता, गळ्यात ओळखपत्रं तशीच लटकत होती. ती सगळी खो-खो हसत सुटली. एकानं तर मला "सॉरी मॅडम" म्हणून वाट करून दिली.

काकांनी मला बाजूला घेतलं. "अहो हडळबाई, बसमध्ये कुणी पायावर पाय दिल्यासारख्या ओरडता आपण. ओरडू नका. आधी स्वतः घाबरा. आपल्याला कशाची भीती वाटते ते शोधून काढा आणि कपाटात उभ्या असताना ते मनात चालू ठेवा. बाहेर कसं यायचं ते मग शिकवावं लागणार नाही."

मला ते शोधावं लागलं नाही. ते बिबवेवाडीला आमच्या घरी, टेबलाच्या खणात, एका कॅसेटमध्ये होतं.

बाबा एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते आणि दर गुरुवारी भजनी मंडळात गायचे. मी हडळ झाले त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर ते पांढरा रुमाल बांधत. श्वास तिथून ये-जा करायचा. आवाज मात्र गेला तो गेलाच. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहीत. ऑपरेशनच्या वर्षभर आधी मंडळातल्या कुणीतरी हौसेनं टू-इन-वनवर त्यांचा एक अभंग टेप केला होता. बाबांचा आवाज जगात तेवढाच उरला होता. दुसरी प्रत नव्हती. आणि घरात ती कॅसेट कुणीच लावत नसे.

मी एकदाच, ऑपरेशननंतर, चोरून ऐकली होती. अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात बाबा एका ओळीच्या मध्येच थांबतात. मृदंग एकटाच चालू राहतो, टाळ चालू राहतात, आठ मात्रांचं एक पूर्ण आवर्तन जातं, आणि मग बाबा बरोबर समेवर पुढची ओळ उचलतात. टेपवर मागे कुणीतरी "वा!" म्हणतं. मंडळाला ती गाण्यातली जागा वाटली. मला मात्र ऐकताना थंडी वाजून आली. आजार तेव्हाच त्यांच्या गळ्यात येऊन बसला होता, आणि खोलीभर माणसं त्याला दाद देत होती.

काकांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट वॉकमनमध्ये घालून कामावर नेली.

वॉकमन साडीच्या आत कमरेला, इअरफोन विगाच्या केसांखाली. तिसऱ्या खोलीतली घंटा वाजली की माणसं निघाली असं समजायचं आणि बटण दाबायचं. बाबा गायला लागत. मी कपाटात अंधारात उभी. ते थांबत. मृदंगाच्या आठ मात्रा मी श्वास धरून मोजायची आणि समेला कपाटाचं दार लोटून बाहेर यायची. ओरडायची नाही. नुसती येऊन उभी राहायची आणि समोरच्याकडे पाहायची. बस्स. लोक भिंतीला चिकटत. एका धिप्पाड माणसानं बायकोला पुढे करून तिच्यामागे तोंड लपवलं. काका एकदा पडद्याआडून बघून गेले आणि म्हणाले, "जमलं." एवढंच. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कुणी ऐकलेलं नाही.

मग रिवाइंड, पुन्हा तीच जागा, पुन्हा घंटा. संध्याकाळभर पंधरा-वीस वेळा, शनिवार-रविवारी दुप्पट. फीत झिजते हे मला कळत नव्हतं असं नाही. आवाज मधूनमधून दबलेला येऊ लागला होता. रोज घरी जाताना मी ठरवायची की उद्या दुसरं काहीतरी लावायचं, आणि रोज तीच कॅसेट पर्समध्ये असायची. तिच्याशिवाय मला घाबरता येत नव्हतं. खरं सांगायचं तर बाबांचा आवाज ऐकायला दुसरं निमित्तही नव्हतं.

एका रविवारी, ऐन गर्दीत, फीत अडकली. मी मेकअपच्या खोलीत धावले आणि पेन्सिलीनं ती हळूहळू बाहेर काढली. वीतभर फीत पार चुरगळली होती. अशा वेळी आपण सगळे जे करायचो तेच मी केलं. कात्री घेतली, चुरगळलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं सेलोटेपनं जोडली आणि कॅसेट वॉकमनमध्ये टाकली. बाहेर लोक खोळंबले होते. कुठला तुकडा कापला, हा विचार डोक्यात आलासुद्धा नाही.

घंटा वाजली. बटण दाबलं. दुसरं कडवं आलं, ओळ सुरू झाली, एक खट्ट झालं आणि बाबा सरळ पुढच्या ओळीवर गेले. न थांबता. मधलं सगळं गेलं होतं.

मी कपाटातून बाहेरच आले नाही. माणसं खोलीत आली, थोडी रेंगाळली. एक आजोबा म्हणाले, "इथे काही दिसत नाही. जेवायची सुट्टी असेल." आणि सगळी पुढे गेली.

मी मेकअपच्या खोलीत जाऊन कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. मधल्या वेळात झाडणाऱ्या बाईंनी तो रिकामा केला होता. आत फक्त रंग पुसलेले कापसाचे दोन बोळे होते. मी तिथेच खाली बसले. मला स्वतःची किळस आली. बापाचा आवाज गेला होता, उरलेला लेकीनं लोकांना घाबरवण्यात वापरून संपवला होता.

सोमवारी दुपारी आई शाळेच्या ऑफिसात कामाला गेलेली असताना मी बाबांसमोर जाऊन बसले. ते मेथी निवडत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. ऑफिस नाही, भूतबंगला. कॅसेट. कात्री.

बाबांनी हात पुसले आणि पाटी घेतली. "हडळ?" असं लिहून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पुढे लिहिलं, "घाबरतात का लोक?"

"तुमच्या त्या थांबण्यानं मी घाबरते. मग ते घाबरतात."

बाबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. आवाज नसल्यामुळे ते ओळखायला मला एक क्षण लागला. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, "मंडळात वीस वर्षं गायलो. कुणी जागचं हललं नाही."

मला रडू फुटलं. "हसू नका ना बाबा. ती जागा मी कापून टाकली. आता ती कुठेच नाही."

ते हसायचे थांबले. पाटी पुन्हा पुसली. मग त्यांनी लिहायला घेतलं, आणि पाटी भरली तरी बारीक अक्षरात कडेकडेनं लिहीत राहिले. "जागा नव्हती ती. गाता गाता आवाज गेला होता. एकदम. परत येईल की नाही ठाऊक नव्हतं. आला, म्हणून उचललं. सगळे वा म्हणाले. मी कुणाला बोललो नाही. चार महिने डॉक्टरकडे गेलो नाही. घाबरलो होतो."

मी ते दोनदा वाचलं. आठ महिने माझी समजूत होती की मी आजार ऐकते आहे. मी बाबांना ऐकत होते. भरल्या खोलीत घाबरलेला एक माणूस, टाळ-मृदंग चालू, आणि त्याच्याकडे पाहायला कुणी नाही. त्यात मीही आले. मंडळाला निदान माहीत नव्हतं. मी तर त्यांच्याच घरात राहत होते, सकाळी त्यांनी केलेला चहा पीत होते, आणि त्यांनी लिहायचं आणि मी वाचायचं यात फार वेळ जातो म्हणून त्यांच्याशी बोलायचं टाळत होते. जिवंत माणूस शेजारच्या खोलीत बसलेला असताना मी त्याला गेल्यासारखा कानात घेऊन फिरत होते.

"अजून भीती वाटते?" मी विचारलं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

बाबांनी पाटी खाली ठेवली. मान हलवून होकार दिला. मग त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. गळ्यावरचा रुमाल श्वासासरशी वर-खाली होत होता, आणि मी इतक्या जवळून तो श्वास कधी ऐकलाच नव्हता.

तीन वाजून गेले, माझी निघायची वेळ टळली. मी कामावर गेले नाही.