मागे गेलेली वेळ

इस्पितळातल्या दाखल्यांच्या खिडकीपाशी एक बाई उभी होती. तिचे वडील सकाळी वारले होते आणि मृत्यूचा दाखला काही केल्या निघत नव्हता. तिथले कॉम्प्युटर मी सांभाळतो, म्हणून मला बोलावणं आलं.

आमच्या एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले आणखी कितीतरी कॉम्प्युटर नांदतात. त्यांना स्वतःचं घड्याळ नसतं. बाहेरचा सांगेल ती त्यांची वेळ. त्या दिवशी त्यांतल्याच दाखल्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वेळ मोजणारा आकडा मावेनासा झाला आणि स्कूटरचा मीटर भरल्यावर उलटतो तसा उलटून खूप मागे गेला. इतका मागे, की तिथे तिचे वडील अजून जन्मालाच आले नव्हते.

“जन्माआधी मृत्यू नोंदवता येत नाही, असं म्हणतोय तो,” मी सांगितलं.

“म्हणजे तिथे बाबा गेलेले नाहीत?”

“तिथे नाहीत.” दुसरं काय सांगणार?

आपल्याला तरी कुठे स्वतःचं घड्याळ असतं? उजाडलं की सकाळ म्हणायचं, डॉक्टर म्हणाले संपलं की संपलं म्हणायचं. क्षणभर वाटलं, राहू द्यावा तो कॉम्प्युटर तसाच मागे. पण बाहेर शववाहिका थांबली होती. मी वेळ दुरुस्त केली आणि दाखला निघाला.

इतका वेळ कोरडी राहिलेली ती बाई दाखला वाचता वाचता बाकावर बसली आणि रडू लागली.

“आणखी थोडा उशीर लागला असता तरी चाललं असतं हो,” ती म्हणाली.