नाकाशी धरलेला कापूस

राग माझ्या नाकावर असतो. ख्रिस्ती झालो, जात गेली, घरदार गेलं, पण राग काही गेला नाही. बायको म्हणायची, "बाप्तिस्म्याचं पाणी तुमच्या नाकापर्यंत पोचलंच नाही." पण सांगतो त्या उन्हाळ्यात माझा रागसुद्धा मेला होता, आणि मला त्याचीच भीती वाटायला हवी होती.

दूर परदेशात कुठेशी लढाई जुंपली आणि अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्या चार-चार दिवस वेशीबाहेर खोळंबायच्या. त्या गर्दीत पटकीची साथ शिरली. मिशनच्या साहेबांनी एक छप्पर घातलं आणि आजारी गाडीवानांचं बघणं माझ्यावर सोपवलं. सकाळी मी पोरांना अक्षरं शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

पहिले काही दिवस मी प्रत्येकासाठी रडलो. मग रडू आटलं, आणि पाठोपाठ प्रार्थनाही. तोंड तेवढं बोलायचं. श्वास चालू आहे की नाही हे बघायला मी कापसाचा पुंजका नाकाशी धरायचो. हलला तर पेज, नाही हलला तर प्रार्थना आणि तोंडावर चादर. माणूस कोण, कुठला, हे विचारणं मी सोडून दिलं होतं.

दुपारी वारा पडला की कापसाची भुकटी सगळीकडे बसायची. बैलांच्या पापण्यांवर, आजाऱ्यांच्या भुवयांवर, पाण्याच्या मडक्यांवर. शंभर गाड्या उभ्या, पण एकाही बैलाची घंटा वाजत नसे. अशाच एका दुपारी मी तो पुंजका स्वतःच्या नाकाशी धरला. तो हलला नाही. मी घाबरलो नाही हो! "असंच असणार," म्हणालो आणि पुढच्या खाटेकडे गेलो.

त्या दिवशी घरी सांगून टाकलं, "शनिवारी अकोल्याला जातो. व्यापाऱ्याकडे कारकुनी करीन. हे पुरे झालं."

"आणि देव?" बायकोने विचारलं.

"तो कधीच निघून गेला."

शुक्रवारी दुपारी रिद्धपूरकडचा एक म्हातारा गाडीवान गार पडलेला दिसला. खिशातला कापूस संपला होता, म्हणून शेजारच्या गाडीतून चिमूटभर ओढला आणि त्याच्या नाकाशी धरला. हलला नाही. मी प्रार्थना म्हटली, चादर ओढली आणि पाठ फिरवली.

"मास्तर."

मागे वळलो. तोंडावरची चादर आत-बाहेर होत होती.

"मास्तर, मी हाओ ना अजून. काहून झाकून राहिले मले?"

मी मूठ उघडली. कापूस ओला होता. तोलात भरावा म्हणून गाडीतल्या कापसावर पाणी मारत, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. अरे, त्याच पापावर आदल्या रविवारी मी तासभर घसा कोरडा केला होता! ओला कापूस त्या म्हाताऱ्याच्या एवढ्याशा श्वासाने काय हलणार?

चादर काढली आणि बाहेर पळालो. एका गाडीखाली जाऊन बसलो. आणि सकाळी ज्यांच्या तोंडावर चादर ओढली ते दोघे? त्यांच्या वेळी खिशातलाच कापूस होता. त्यांचे हातपाय ताठले होते, मी स्वतः चाचपले होते. चाचपले होते ना? आज म्हातारपणीही दुपारी वारा पडला की मागून "मास्तर" ऐकू येतं, आणि मी वळून बघतो.

रोजच्यासारखी बायको भाकर घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, "आधी जेवा. आजाऱ्यांना पेज मी देते. तुम्ही झोपा इथंच." आमच्या शास्त्रातल्या, झुडपाखाली बसून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देव रागावला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा भाकर दिली. ही गोष्ट मी पोरांना शंभरदा सांगितली होती. भाकर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली. तेव्हापासून दुपारची झोप मी चुकवलेली नाही, साहेबांनी आळशी म्हटलं तरी.

उन्हं कलल्यावर जाग आली. म्हाताऱ्यापाशी जाऊन खाली बसलो.

"बाबा, जिवंतपणी झाकलं मी तुम्हाला. माफ करा."

हात उचलून त्याने माझ्या खांद्यावर चिकटलेला कापूस काढला आणि माझ्या नाकाशी धरला.

"थांबा, पाहू द्या."

मला हुंदका आला. किती महिन्यांनी आला! कापूस उडून त्याच्या मिशीवर जाऊन बसला.

म्हातारा हसला आणि माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, "हाय वो माय, मास्तर हाय अजून. पेज पाजा त्याईले."