आरशांचं हॉटेल

पिठल्याला लसणाची फोडणी बसली, की जालन्याच्या स्टेशनाजवळची ती गल्ली आठवते. लग्न नवं होतं. बदनापूरहून बाजाराला आल्तो. ह्यांनी ऐटीत आरशांचं हॉटेल निवडलं. मालकानं मला मोरीजवळचा पडदा दाखवला, बायांनी त्याच्यामागं बसायचं म्हणून. मिशीला पीळ देणारे हे त्याच्यापुढं शेळी झाले. म्हणाले, "बैस तिकडं. मी इथंच बसतो."

मी बाहेर पडले आणि समोरच्या मारवाडीण काकूंच्या स्वस्त खानावळीत शिरले. तिथं बायापुरुष एकाच पंगतीला निवांत जेवत होते. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली. हे उंबऱ्याशी येऊन कुजबुजले, "जल्दी ऊठ, लोक बघून राह्यले."

आज त्या मिशीचं हसू येतं, तेही कडवटच. तेव्हा मात्र मी काकूंना म्हटलं, "अजून एक भाकरी वाढा."