वळवून ठेवलेल्या चपला

दारातल्या चपला कुणी वळवून ठेवलेल्या दिसल्या, की मला पोलीस ठाण्याचा व्हरांडा आठवतो. आमचा पंथ तेव्हा नवा होता. मूर्ती नाही, पुजारी नाही, कुणापुढे हात जोडणं नाही. प्रार्थना संपली की दुसऱ्याच्या चपला वळवून ठेवायच्या, निघताना पायांत सहज सरकाव्यात म्हणून. गावोगाव माणसं वाढली, तशी सभांवर बंदी आली. नोटीस घेऊन आलेल्या हवालदाराचे बूटही आईने वळवून ठेवले.

“मावशी, मी बंद करायला आलोय,” तो अवघडून म्हणाला.

पुढे आम्हाला जबाबाला बोलावलं. सवयीने आम्ही चपला बाहेरच काढल्या. संध्याकाळी सुटलो, तर साऱ्या चपला रस्त्याकडे तोंड करून ओळीने लावलेल्या. हवालदार रजिस्टरात मान घालून बसला होता.

आईने त्याच्यापुढे हात जोडले.