हेळव्याच्या वहीतलं पुढचं नाव

लिनिएज. हा शब्द मी सत्तावीस वर्षं शिकवत आलोय. औशाजवळच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर मी, आणि या शब्दावर माझा भारी जीव. आजोबा, बाप, आपण, आपलं लेकरू अशी जी ओळ वरून खाली उतरत येते ती लिनिएज, असं फळ्यावर रेघ ओढून सांगायचो. पोरं म्हणायची, "सर, म्हंजे तहसीलला लागती ती वंशावळ?" मी चिडायचो. अरे बाबांनो, तो दाखल्याला जोडायचा कागद! हा शब्द राजाच्या कुळाला वापरा, गवयाच्या घराण्याला वापरा, जातिवंत बैलालाही चालेल. आणि रेघेच्या खालच्या टोकाला मी दरवर्षी माझ्याच मुलाचं नाव लिहायचो. हौस, दुसरं काय!

दोन वर्षांपूर्वी मुलगा गेला. तेवीस वर्षांचा होता. लातूरहून मोटारसायकलवर घरी येत होता, एवढंच लिहितो. पुढच्या वर्षी धड्यात तो शब्द आला तेव्हा मी तो गाळला. एका मुलीनं हात वर केला, "सर, हा राहिला." परीक्षेला येत नाही, म्हणालो. धडधडीत खोटं.

घरीही तेच. मुलाचं नाव घेणं आम्ही दोघांनी बंद केलं. बायकोनं रडू नये म्हणून मी घेत नव्हतो. तीही घेत नव्हती, म्हणजे तिलाही तेच बरं वाटत असणार, असं मी माझं ठरवून टाकलं. मोठा शहाणाच मी!

यंदा सुगी झाल्यावर हेळवी आला. आम्हा लिंगायतांच्या घरी दर तीन-चार वर्षांनी कर्नाटकातून हेळवी येतो. घराघराच्या पिढ्या वहीत लिहून ठेवायच्या आणि ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायच्या, हेच त्यांचं पिढीजात काम. याचा आजा बैलावर बसून यायचा, हा मोटारसायकलवर येतो. वही मात्र अजून लाल फडक्यात बांधलेली. मागच्या खेपेला मुलगा शेजारीच बसला होता, आणि आपलं नाव आल्यावर खुदकन हसला होता.

मी हेळव्याला फाटकातच गाठलं. "मामा, पोरगं गेलं आमचं. आज माझ्या नावापाशीच थांबा. घरात सोसायचं न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. "शिवा शिवा," म्हणाला. "बरं, सर."

बायको सुपात ज्वारी घेऊन उंबऱ्याशी बसली. ठेवणीतली साडी नेसली होती. ते बघूनच मला कळायला हवं होतं. हेळवी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत वाचत गेला. पणजोबा, त्यांचे तीन भाऊ, आजोबा, वडील. मग माझं नाव आलं आणि त्यानं वही मिटली.

"पुढं?" बायको म्हणाली.

हेळवी माझ्याकडं बघायला लागला.

"पुढं वाचा की मामा. अजून एक नाव हाय."

"अगं, मीच सांगितलं त्यांना," मी म्हणालो. "तुला त्रास नको म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोन वरसं झाली," ती म्हणाली, "ह्या घरात माझ्या लेकराचं नाव कुणी घेतलं न्हाई. तुम्हीबी न्हाई. मी हेळव्याची वाट बघून राहिले होते. तो तरी घेईल म्हणून. आन् तुम्ही त्याचंबी तोंड बंद केलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेळव्यानं वही उघडून पान काढलं. त्याला थांबवून मीच वही मांडीवर घेतली. ते कानडी अक्षर मला वाचता येत नाही. त्यानं दाखवलं तिथं बोट ठेवलं, माझं नाव म्हणालो, आणि त्याच्याखाली मुलाचं. पुटपुटल्यासारखंच म्हणालो.

"मोठ्यानं म्हणा," बायको म्हणाली.

मोठ्यानं म्हणालो. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबली.

बायकोनं सूप हेळव्याच्या पोत्यात रिकामं केलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अजून एकदा."