सुईण बिजलीबाई आणि मधला पडदा

बिजलीबाईला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. तिच्या लक्षात राहतं ते एवढंच, की माणूस जगात आला कसा. फुलसावंगीच्या बाजारात मिशीला पीळ दिलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एखादा गडी मोटारसायकलवरून उतरतो, आणि ही भाजीच्या दुकानापासून ओरडते, "काय रे पायाळू, बायकोले संग काहून नाई आणलं?" चार माणसांत गडी लाजून लाल होतो. पण करतो काय? आधी पाय आणि मागून डोकं, असा तो तिच्याच हातात उतरला होता. दुसरा एक जण गळ्यात नाळ गुंडाळून आलेला, तो आता ग्रामपंचायतीत मेंबर आहे. सभेत त्याचा आवाज चढला की बिजलीबाई शेजारणीला सांगते, "निंघाला तवा रडतच नव्हता हा. मीच पाठीत दोन देल्या अना चालू केला. तो आजून बंद नाई झाला."

फुलसावंगीजवळच्या तांड्यात चाळीस वर्षं ती सुईणपण करते आहे. शाळा दुसरीपर्यंत. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलते, बाजारात वऱ्हाडी, आणि दवाखान्यात गेली की दोन्ही मिसळून तिसरंच काहीतरी. नवरा पूनमसिंग कपाशी-तुरीचा शेतकरी. तो बोलतो कमी, पण बोलला की नेम धरून.

एकदा काय झालं, गावातल्या वामनरावांची म्हैस अडली. गुरांचा डॉक्टर नेमका बाहेरगावी. वामनराव धापा टाकत तांड्यात आले. बिजलीबाई म्हणाली, "बाप्पा, मी माणसाची सुईण आहो, म्हशीची नाई." खाटेवरून पूनमसिंग म्हणाला, "जाय व बिजली. म्हशीचे नातेवाईक तरी मधात बोलत नाईत." ती गेली. कोपरापर्यंत हात घालून तिनं आडवं आलेलं रेडकू सरळ केलं आणि पहाट व्हायच्या आत ते उभं राहून ढुशा द्यायला लागलं. त्या दिवसापासून तालुकाभर झालं, बिजलीबाईच्या हाताला वाकडं सरळ करता येतं. लोकांनी म्हटलं ते म्हटलं, हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. आशा सेविका कोकिळा दवाखान्याची गाडी बोलवायची आणि बिजलीबाई बाईला गाडीत बसवून द्यायची, अशी दोघींची जोडी जमली होती. पण बाया पाचव्या महिन्यात पोट दाखवायला अजूनही तिच्याकडेच यायच्या. ती नुसता तळवा ठेवून सांगायची, डोकं इथं, पाठ तिकडं. पोट एका अंगाला सरकलंय असं वाटलं, की कोमट तेल घेऊन चोळून मधे आणायची. तिच्या सासूनं तेच केलं होतं, सासूच्या सासूनंही.

अशा बाईच्या घरात सून आली. मुलगा बादल, सून जया. जया दारव्ह्याकडची, बारावी झालेली, हसरी. लग्नानंतर वर्षाच्या आत दिवस राहिले आणि अडीच महिन्यांत गेले. होतं एखाद्या वेळी, असं सगळेच म्हणाले. दुसऱ्यांदा दिवस राहिले ते पाचव्या महिन्यापर्यंत टिकले. बिजलीबाईनं पोटावर हात ठेवला आणि तिची बोटं थबकली. सगळं पोट उजव्या अंगाला. डावीकडे मोकळं. वरच्या बाजूला, दोन्ही अंगांच्या मधे दबल्यासारखं लागत होतं. एवढ्या बायांची पोटं पाहिली, पण असं कधी हाताला लागलं नव्हतं. तिनं नेहमीचंच केलं. दोन वेळा तेल लावून पोट मधे आणायला चोळलं.

आठव्या दिवशी जयाचं मूल गेलं.

बिजलीबाईनं ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. ना पूनमसिंगला, ना कोकिळाला. जयाला तर माहीतच होतं, तिच्याच पोटावर हात फिरले होते. पण सुनेनं काही म्हटलं नाही आणि सासूनं काही विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून बिजलीबाईनं कोणाच्याच पोटाला हात लावला नाही. बाया आल्या की म्हणायची, "हात दुखते माहे." तांड्याला वाटलं, म्हातारी झाली.

लोक बोलायला मोकळेच असतात. शेजारची तुळसाबाई तर रोज अंगणात येऊन म्हणायची, "गावभर पाळणे हलवले व बाई तुनं, अना आपल्याच घरी दिव्याखाली अंधार."

तालुक्याच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी केली. तिथं सांगितलं, गर्भपिशवी दोन भागांची आहे, जन्मापासूनची. पोट उघडून जोडायला लागेल, मोठं ऑपरेशन आहे, आणि उपयोग होईलच असं नाही. हे तुळसाबाईच्या कानावर गेलं आणि तिनं लगेच उपाय सांगितला, "बादलले दुसरी करून द्या."

पूनमसिंगनं तंबाखू मळता मळता विचारलं, "तुह्या विहिरीवरची मोटर दोनदा जळाली, तवा तू विहीर बुजवली होती का?"

तुळसाबाई पंधरा दिवस अंगणात आली नाही.

कोकिळानं मात्र कामाचं सांगितलं. "यवतमाळले निकिता मॅडम आहे. तिले दाखवा. पन बिजलीबाई, एक आयका, पह्यल्यापासून सारं सांगजा. लपवलं का मंग डॉक्टर आंधळा होते."

हे वाक्य बिजलीबाईच्या छातीत जाऊन बसलं. जया-बादलसोबत निघाली आणि महागाव, आर्णी करत एसटी यवतमाळला पोचेपर्यंत तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. सांगितलं तर बादल काय म्हणेल? जयाच्या माहेरचे काय म्हणतील? सुईणीनं स्वतःचं नातवंड चोळून मारलं, हेच ना? आणि नाही सांगितलं तर? तिसऱ्यांदाही असंच झालं तर?

निकिता मॅडम पस्तिशीतली, केळापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. खुर्चीत टेकून न बसता पुढे वाकून ऐकणारी. तिनं जयाला विचारलं, किती महिन्यांत गेलं, आधी दुखलं की आधी रक्त गेलं, पाळी कशी येते. मग तालुक्याचा रिपोर्ट उजेडात धरून म्हणाली, "हा तर मूल गेल्यावर केलेला आहे, घाईघाईत. बरं, पाचव्या महिन्यात पोट कसं दिसायचं? सरळ, की एका बाजूला?"

जया म्हणाली, "मले काय समजते मॅडम? पह्यल्यांदाच एवढं मोठं झालं होतं."

बादलनं खांदे उडवले. खोलीत उत्तर एकाच माणसाकडे होतं आणि ते माणूस पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतं.

"उजव्या अंगाले होतं," बिजलीबाई म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी सुईण आहो. हात लावून पाह्यलं होतं. डावीकडं रिकामं होतं. अना वरतून मधात दबलेलं. खाच असते ना, तसं."

मॅडमचा पेन थांबला. "मग तुम्ही काय केलं?"

"काही नाही" म्हणून इथं सुटता आलं असतं. बिजलीबाईनं एकदा जयाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "मी चोळलं मॅडम. मधात आनाले. दोन डाव. आठ दिवसानं पोट्टं गेलं. हे मी कोनाले सांगतलं नाई."

बादल आईसमोर ताडकन उभा राहिला. "याडी, काय बोलून राह्यली तू?"

"खाली बस," मॅडम म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बादल बसला. मग तिनं बिजलीबाईकडे वळून सांगितलं, "आजी, नीट ऐका. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हा तिची गर्भपिशवी आधी दोन नळ्यांची असते. त्या नळ्या जवळ येतात, जुळतात आणि मधली भिंत विरून जाते. हिची भिंत विरली नसावी. मूल त्या भिंतीला चिकटलं तर त्याला पुरेसं रक्त मिळत नाही, आणि दुसरीकडे वाढलं तर जागा कमी पडते. ही भिंत ना तुमच्या तेलानं आली, ना हिच्या कुठल्या चुकीनं. चोळल्यानं ते मूल गेलं का, हे मला आज छातीठोक सांगता येणार नाही. अशा पिशवीत पाचव्या महिन्यात मुलं जातातही. पण पोटुशीचं पोट चोळणं आजपासून बंद. कोणाचंही."

"कवाचंच बंद केलं बाई."

"आणि तुम्ही सांगितलंत त्यानं माझं काम सोपं झालं. पिशवी दोन भागांची आहे हे आता पक्कं वाटतंय. पण कपाशीच्या हिरव्या बोंडासारखं आहे बघा. बाहेरून बोंड एक आणि आत पाकळ्यांच्या भिंती, असं असेल, तर आतली भिंत कापता येते. पण बाहेरूनच दोन बोंडं चिकटलेली असतील, तर मधे कात्री घालायची नाही. पिशवी फुटेल. म्हणून आधी बाहेरून पाहायचं."

बोंड म्हटल्यावर बादलचा चेहरा निवळला. ही गोष्ट त्याच्या वावरातली होती.

बाहेर बाकावर बिजलीबाई भिंतीकडे तोंड करून बसली. जया सरकून जवळ आली.

"याडी, मले तुमच्या चोळन्याचा राग नव्हता आला."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी कुठं बोलल्या? पोट्टं गेल्यापासून तुमी माह्याकडं पाह्यनंच सोडलं. मले वाटलं, सारा तांडा म्हनते तसं तुमालेही वाटते, का दोष माहाच आहे."

बिजलीबाईनं थैलीतून भाकरीचं फडकं काढलं आणि मोठा तुकडा सुनेच्या हातावर ठेवला. बादल दूर उभा होता. थोड्या वेळानं तोही आला आणि म्हणाला, "मले चटनी नाई देत का?" त्याचा राग असा चटणीवर संपला.

पाळीच्या हिशोबानं दिवस ठरवून थ्रीडी सोनोग्राफी झाली. पिशवी बाहेरून एक, अखंड, वर नुसती उथळ खाच. आत वरून खालपर्यंत पडदा. अशा बायांमधे कधी कधी एक किडनी नसते म्हणून मॅडमनं तेही पाहून घेतलं. दोन्ही जागच्या जागी होत्या. पूनमसिंगला फोनवर कळवलं तर तो म्हणाला, "म्हंजे घर एकच आहे, मधात कूड घातला आहे. पाडा मंग."

ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. बेंबीतून एक दुर्बीण घालून बाहेरची बाजू पुन्हा डोळ्यांनी पाहिली, आणि खालच्या वाटेनं दुसरी आत नेऊन बारीक कात्रीनं पडदा कापला. पोट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी जया चालत बाहेर आली.

पण त्याआधी एक गोष्ट घडली. मॅडमनं बिजलीबाईला आत बोलावून टीव्हीवर फोटो दाखवले. आधीचा फोटो : गुलाबी भिंत, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन अंधारी बोळं. नंतरचा : एकच मोकळी खोली, वरच्या दोन कोपऱ्यांत नळ्यांची बारीक तोंडं.

बिजलीबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. चाळीस वर्षं तिनं ही जागा कातडीवरून ओळखली होती. किती लेकरं तिथून बाहेर घेतली, पण जागा कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिनं काचेवर बोट टेकवलं. "इथंच माह्या हाताले खाच लागली होती."

"हो, इथंच," मॅडम म्हणाली. "हात खोटं सांगत नव्हते तुमचे. फक्त पुढं काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं."

दोन महिन्यांनी तपासणी झाली, वाट मोकळी होती. त्यानंतर पाचेक महिन्यांत जयाला दिवस राहिले. अडीच महिने गेले. चौथा गेला. पाचवा लागला तेव्हा घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पूनमसिंग तर खोकलासुद्धा अंगणात जाऊन काढायचा. मॅडम पिशवीच्या तोंडाची लांबी मोजत होती, ती चांगली होती. सहावा लागला.

सातव्यात तुळसाबाई आली. "बिजली, पोट डावीकडं दिसून राह्यलं व. जरा तेल लाव. तुह्यासारखा हात कोनाचा आहे?"

जयानं सासूकडे पाहिलं. बिजलीबाईची बोटं एकदा आपोआप हलली, हे जयाच्या नजरेतून सुटलं नाही. मग म्हातारीनं कोकिळाला फोन लावला, "गाडी बोलव. यवतमाळले दाखवून येतो." आणि तुळसाबाईला म्हणाली, "तू चहा पी अना जाय."

तिथं पाहिलं तर बाळ नुसतं कूस बदलून निजलं होतं. मॅडम हसली. जायचे-यायचे दोनशे किलोमीटर पडले, तरी बिजलीबाई परतीच्या वाटेवर गाणं गुणगुणत होती.

दिवस भरत आले आणि बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, म्हणून मॅडमनं वेळ न घालवता सिझर केलं. बाळंतपणाच्या दाराबाहेर उभं राहून वाट पाहायची वेळ बिजलीबाईवर पहिल्यांदाच आली होती. ती बसली नाही. पूनमसिंग म्हणाला, "बस ना व," तर म्हणाली, "तुमी बसा. तुमाले सवय आहे."

दार उघडलं. तरुण नर्स हिरव्या कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन आली. पावणेतीन किलो, रडून रडून लाल. खुशी हे नाव जयानं आधीच ठरवून ठेवलं होतं. बिजलीबाईनं हात पुढे केले, पण चाळीस वर्षं लेकरं झेललेले ते हात बाळाच्या मानेखाली जायचंच विसरले. नर्सनं घाईनं तिचं कोपर सावरलं.

"आजी, मानेखाली हात घ्या, मानेखाली! पहिल्यांदाच घेताय का लेकरू?"

पूनमसिंगला ठसका लागला. बादल तोंड फिरवून खिडकीकडे गेला.

"हो बाई," बिजलीबाई म्हणाली, "पह्यल्यांदाच."