तुळसा आतेचा पदर आणि माझी वेणी

तुळसा आतेने भाची दिव्याच्या होणाऱ्या सासरच्या माणसांना भर जेवणातून उठवून लावलं, ही बातमी आचऱ्यापासून कसालपर्यंत पोचली. साफ खोटी. गडहिंग्लजचे ते पाहुणे पोटभर जेवले, दोनदा सोलकढी मागून प्याले आणि आपल्या पायांनी गेले. आतेने फक्त नवऱ्यामुलाच्या काकांना, ते टोपी घालूनच पानावर बसले म्हणून, विचारलं, "टोपयेखाली काय लपयलात, पावण्यांनू?"

खारेपाटणच्या पलीकडे राहणारा प्रत्येक माणूस आतेच्या लेखी घाटी. त्यात रत्नागिरीवालेही आले. कोण काय नेसलं, कसं नेसलं, यावर ती वाडीभर निकाल देत फिरते, आणि स्वतः? मॅक्सीवर खांद्यावरून टॉवेल टाकला की बाईसाहेब पूर्ण पोशाखात. बाजारात तोच टॉवेल, बँकेत तोच. गणपतीला मुंबईची सून केसांत प्लास्टिकचं फूल लावून आली, तर ही कमरेवर हात ठेवून, "घोवाक अबोली परवडत नाय काय गो?" हे मी, तिचा शेजारी, इतकं हुबेहूब करतो की तिचा कुत्रा शेपूट हलवत माझ्याकडे येतो.

तिचा खरा गर्व म्हणजे अबोलीची वेणी. म्हणून तर सगळं पेटलं. जाताना अजयच्या, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आजीने सांगितलं होतं, "आमच्यात बायका उघड्या डोईनं मांडवात बसत न्हाईत. पोरीची आत्या तरी पदर घेईल नव्हं?"

"डोक्यार पदर? माका काय थंडी वाजता?" आते पाहुण्यांची गाडी वळायच्या आत ओरडली. "वेणी दाखवूक माळतत, लपवूक नाय! मी लग्नाकच येवचंय नाय."

दिव्या तिच्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आतेच्याच हाताखाली वाढलेली. ती रडकुंडीला आली. "आते, तू नाय इलंस तर माझी ओटी कोणी भरूची?"

"बापाशीक सांग."

एवढ्याशा कापडासाठी पोरीचं लग्न नासवायला निघालेली बाई! मी तिच्या दारापुढच्या खळ्यात जाऊन म्हटलं, "आते, तू येतलंस, पण पदर घेवचंस नाय. घेतलंस तर दिवाळीपर्यंत रोज तुझी वेणी मी गुंफतलंय."

"आणि नाय घेतलंय तर?"

"भर मांडवात तुझी नक्कल करूक दी."

"लाव पैज, मेल्या!"

लग्नाला ती आली. मोरपंखी साडी, डोकं उघडं, मागे तोरणाएवढी वेणी. घाटावरच्या बायका पदराआडून कुजबुजल्या. आजीने ओठ असे आवळले की मी ते तिथल्या तिथे शिकून घेतले. टॉवेल माझ्या खांद्यावर तयारच होता.

ओटी भरायची वेळ झाली. दिव्या मान वर करेना. आते तिच्यासमोर उभी राहिली, आजीकडे एकदा बघितलं आणि केसांतली वेणी ओरबाडून काढली, तिच्या पिना तोंडात धरल्या. पदर डोक्यावर ओढला. मग तोंडातल्या दोन पिना काढून ती वेणी पदराच्या वरून टाचली! नव्याने शाकारलेल्या खोपीला कुणी हार घालावा, तशी दिसत होती. सगळा मांडव बघत होता आणि हिला लाज म्हणून नाही.

"हां गो बाय, ओटी पुढे कर," ती म्हणाली. दिव्या रडत रडत हसली. आजीने जवळ येऊन त्या वेणीला बोट लावलं. मग म्हणाली, "पदर घेतलाय की. आता काय बोलायचं?"

परतताना आते माझ्याजवळ थांबली. "टॉवेल काढ तो खांद्यावरचो. उद्यापासून फाटफटी, उजाडताना ये, फुलां खुडूक."

आता रोज सकाळी मी तिच्या पडवीत केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात अबोली गुंफत बसतो. वाडीतली पोरं मुद्दाम तिथूनच शाळेला जातात. ती समोर बसते, मॅक्सीवर टॉवेल टाकून.

"सैल झाली रे," ती म्हणते. "सोड, परत कर."